काळी चार

होसकोटे
चैत्र शुद्ध पाडवा, रविवार

चि. अक्षरा हिला आजी रत्नाबाईचा आशीर्वाद. इकडे सगळी माणसं आपापल्या पायांवर उभी आहेत, तिकडे तूही असशील असं धरून चालते.

काल तुझ्या महानंदाकाकूच्या फोनवर तू काय काय बोललीस ते तिनं मला ओरडून सांगितलं. निम्मं मला कळलं नाही, निम्मं तिलाच कळलं नव्हतं. फोन माझ्या कानाला लावण्यात अर्थ नाही हे सहा वर्षांत तुझ्या लक्षात यायला हवं होतं. त्यातून मला नुसती माशी ऐकू येते. कागदावर लिही. तुझा काका विठोजी कंपनीची गाडी घेऊन रोज कोरमंगलाला येतोच, सकाळी माणसं उचलतो, संध्याकाळी सोडतो. त्याच्या हाती दिलेलं पत्र पोष्टाच्या आधी पोचतं, आणि तो मधे उघडून वाचतही नाही, कारण त्याला वाचायचा कंटाळा आहे. चौथी शिकलेल्या बाईला लिहायला जमतं तर तुला का जमू नये.

आज कडुनिंब-गूळ खाल्लास का? गूळ खाल्ला असशील, निंब टाकला असशील. रामनवमीपर्यंत रोज वाजवणार आणि मधे वेळ मिळाला की दुसऱ्यांचं ऐकायला पळणार असं कळलं. यंदा तृतीयेचा क्षय आहे, नवरात्र आठच दिवसांचं. एक दिवस पंचांगानंच गिळला, तेवढी तुझी पाठ वाचली. मांडवात पानक आणि कोसंबरी मिळते म्हणून तेवढ्यावर आठवडा काढू नको. दोन वेळा भात जेव.

आता तुझ्या पेटीचं. काळी चारची पट्टी न दाबता बोलते म्हणालीस. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पेटी म्हणजे लाकूड, चामडं आणि पितळ. पट्टी दाबली की आतलं झाकण उचलतं, भात्याची हवा सुरातून, म्हणजे खालच्या पितळेच्या तुकड्यातून, जाते आणि त्याची जीभ हलते. झाकण नीट बसलं नाही तर हवा आपणहून शिरते. झाकणाखालचं चामडं मऊ ब्रशनं झाड. स्प्रिंग ढिली झाली असेल तर स्वल्प वाकव, जास्त नको. एवढ्यानं गप्प बसेल.

पण खालच्या सुराला हात लावू नको. आणि कुठल्या दुरुस्तीवाल्याच्या दारात पेटी नेऊ नको. हल्लीचे लोक जुना सूर काढून नवा बसवतात आणि जुना स्वतःच्या खिशात घालतात. ती पेटी तुझ्या आजोबांनी करायला घेतली, ते गेल्यावर मी पुरी केली. तिच्यात काय कुठं बसलंय ते मला ठाऊक आहे, दुसऱ्यानं बघायचं कारण नाही.

कंटाळा न करता उत्तर धाडावं, एवढंच मागणं.
रत्नाबाई


कोरमंगला
१ एप्रिल, मंगळवार सकाळ

ती. आजीस अक्षराचा साष्टांग नमस्कार.

निंब खाल्ला. भूमिकाला विचार, माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला, तिच्या देखत खाल्ला. भातही जेवते. तू पीजीच्या स्वयंपाकीणबाईला भेटली असतीस तर तुम्हा दोघींचं एका दिवसात भांडण आणि दुसऱ्या दिवशी मैत्री झाली असती.

काल संध्याकाळी सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या सोसायटीत वाजवलं. बारा बारा मजल्यांच्या इमारती आणि मधे पोहण्याच्या तळ्याशेजारी रामाचा मांडव. मुलांची भजनं होती. एका मुलानं मधेच मला विचारलं की ही बॅटरीवर चालते का. तिथून रिक्षा करून धावत दुसऱ्या मांडवात गेले, व्हायोलिन ऐकायला. घडीच्या खुर्च्यांवर निम्मे लोक पेंगत होते, निम्मे मांडीवर ताल धरत होते. फार छान वाजवलं त्यांनी. आज दुपारी एका शाळेत वाजवायचं आहे, उद्या महिला मंडळाचं भजन, परवा दोन ठिकाणी. बसमध्ये पेटी मांडीवर घेऊन घेऊन गुडघे निळे झालेत.

आजी, तू सांगितलंस ते सगळं मी आधीच केलं होतं, काल पुन्हा केलं. चामडं झाडलं, स्प्रिंग वाकवली. तरी ती बोलते. आणि केव्हा बोलते ते ऐक. गाणारा थांबतो, तबला थांबतो, सगळे क्षणभर गप्प होतात, तेव्हा. आधी नुसती हवा येते, कुणी श्वास घ्यावा तशी, आणि मग हलकेच काळी चार. काल अपूर्व तबल्यावर होता, त्यानं दोनदा माझ्या बोटांकडे बघितलं. बोटं मांडीवर होती. खोलीवर मी आणि भूमिका तासभर भाता मारत बसलो, एकदाही बोलली नाही. माणसं समोर असली तरच बोलते.

तुला हसू येईल, पण काल व्हायोलिन ऐकताना वादक दोन तानांच्या मधे थांबले, आणि तिथंही मला ती ऐकू आली. पेटी तेव्हा खोलीवर होती.

मला काळजी रविवारची आहे. त्रिविक्रमबुवांच्या नेहमीच्या साथीदाराचं मनगट मोडलंय, म्हणून रामनवमीच्या मैफलीला त्यांनी मला विचारलं. नीट झालं तर वर्षभर बरोबर नेतील, धारवाड, पुणे, सगळीकडे. मग मला आठ घरी फिरून मुलांना सारेगम शिकवत बसावं लागणार नाही. पण बुवा पांढरी दोनमध्ये गातात. त्यात मधेच काळी चार बोलली म्हणजे घासात खडा. यापेक्षा कमी चुकीला त्यांनी एका माणसाला भर मैफलीतून उठवलं होतं. रविवारपर्यंत तिला गप्प करायचा उपाय सांग.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी अक्षरा


होसकोटे
मंगळवार, चतुर्थी

चि. अक्षरा हिला आशीर्वाद. पत्र सकाळी पोचलं. विठोजीनं त्यावर कॉफी सांडली आहे, पण अक्षर तुझं मुळातच असं असल्यामुळे फरक पडला नाही.

त्रिविक्रमबुवा मला ठाऊक आहेत. तरुणपणी आमच्या बळेपेठेतल्या दुकानात यायचे. पेटीला एक बोट लावायचे आणि नाक असं करायचे की जणू उंदीर मेलाय. सूर मात्र त्यांना कळतो, ते नाकारत नाही. त्यांच्याबरोबर जायला मिळालं तर तुझं भलं होईल. तेव्हा रडत बसू नको, कामाचं बघू.

स्प्रिंग जुनी झाली असेल तर वाकवून उपयोग नाही, बदल. झाकण उलटं करून चामड्यावर खळगा पडलाय का बघ. बोटाच्या पेरानं बघ, डोळ्यांनी नाही. नाहीतर असं कर, पेटी विठोजीच्या गाडीत मागच्या सीटवर घालून इकडे पाठव. माझे कान गेले, बोटं अजून आहेत. एका दिवसात परत करते. रोजचं वाजवणं आहे म्हणशील. मग कुणाची तरी पेटी एक दिवस मागून घे, सरी, झालं.

माणसं समोर असली तरच बोलते म्हणतेस, तर मांडवात चारशे माणसांचा घाम आणि ओल असते, चामडं फुगतं. खोलीत नसते. एवढं साधं आहे. व्हायोलिनच्या मधे ऐकू आली ते तुझ्या डोक्यात, पेटीत नाही. पोटभर जेवलेल्या माणसाला असलं ऐकू येत नाही.

एक विचारते. बाईमाणसाच्या गाण्यात बोलते की पुरुषाच्या? आणि समोर कोण कोण बसलेलं असतं, कुणी वयस्कर बाई असते का? उगीच विचारते. सांगायचं तर सांग.

पुन्हा सांगते, सूर काढायचा नाही. बाकी सगळं कर.

उत्तराची वाट बघायला लावू नये.
रत्नाबाई


कोरमंगला
३ एप्रिल, गुरुवार पहाटे

ती. आजीस सा. न.

काका सहाला गाडी घेऊन येतील, त्याआधी हे लिहून पुरं करायचं आहे. पेटी पाठवलेली नाही. का ते वाच.

काल महिला मंडळाच्या भजनाला गेले. गाणाऱ्या मुख्य बाई सगुणाबाई, सत्तरीच्या असतील, गळा अजून ताठ. त्या काळी चारमध्येच गातात. म्हणजे पेटी आपणहून बोलली तरी त्यांच्या षड्जात मिसळून जात होती, कुणाला कळलं नाही. मी आठवड्यात पहिल्यांदा सुखानं वाजवलं. पण गाणं संपल्यावर त्या माझ्याजवळ आल्या, पेटीवर हात ठेवला आणि विचारलं की ही काळी चार तुझ्याकडे कुठून आली. मी म्हटलं माझ्या आजोबांची पेटी. त्यांनी आजोबांचं नाव विचारलं. मग माझी हनुवटी वर करून बघितली आणि म्हणाल्या की तू सुप्रीताची.

आजी, आईला गाण्याची आवड नव्हती. मी सात वर्षांची असताना विचारलं होतं आणि तू हेच सांगितलं होतंस. काकानंही तेच सांगितलं. बाबांना मस्कतला फोन करून विचारलं होतं, ते म्हणाले आजीला विचार. आणि काल एक अनोळखी बाई मला सांगते की तुझी आई दोन वर्षं माझ्या साथीला होती, तिच्यासारखी साथ मला नंतर मिळाली नाही. तिच्या पेटीतला षड्ज माझ्या कानात इतका बसलेला आहे की झोपेतही ओळखेन, आणि तो आज तुझ्या पेटीतून आला.

मग त्यांनी शेवटची मैफल सांगितली. रामनवमीचीच. आई वाजवायला बसली, तंबोरे लागले, सगुणाबाईंनी सा लावला आणि आईनं पट्टी दाबली तर नुसती हवा आली. काळी चारला आवाजच नव्हता. उठायची वेळ गेली होती. आई तशीच वाजवत राहिली. सगुणाबाई म्हणतात, दोन तास तिनं त्या एका सुराशिवाय साथ केली. गाणं सा वर आलं की ती भाता थांबवायची, ती जागा मोकळी सोडायची आणि तंबोरा ती भरायचा. लोकांना वाटलं ही नवी तऱ्हा आहे. माना डोलावल्या त्यांनी. नंतर सगुणाबाईंनी विचारलं की सूर तुटला का. तर आई हसली आणि म्हणाली, तुटला नाही, घरी सासूबाईंकडे राहिलाय, त्या नीट सांभाळतील. सगुणाबाईंना ती थट्टा वाटली. त्यानंतर आई कुणाच्याच साथीला गेली नाही.

तू विचारलं होतंस समोर कुणी वयस्कर बाई असते का. म्हणजे तुला काहीतरी ठाऊक आहे. अपूर्वनं एक कारागीर शोधलाय, तो शनिवारी सूर बदलून देतो म्हणतो. त्याच्याकडे जायच्या आधी मला तुझ्याकडून ऐकायचं आहे.

अक्षरा


होसकोटे
गुरुवार, षष्ठी

चि. अक्षरा, आशीर्वाद आहेत. ते घ्यायचे की नाही ते पत्र वाचून ठरव.

सगुणाबाईंनी सांगितलं ते खरं आहे. आम्ही तुला सांगितलं ते खोटं. आम्ही म्हणजे मी. मी आधी बोलले, बाकीच्यांनी माना हलवल्या.

सुप्रीता लग्न होऊन आली ती पेटी घेऊनच. तेव्हा आम्ही बळेपेठेत दुकानाच्या वरच्या खोल्यांत राहत होतो. पेटी दुरुस्तीत तुझ्या आजोबांचं नाव होतं, दूरदूरची माणसं यायची. त्या नावातलं निम्मं माझं होतं. लाकूडकाम ते करायचे, सूर मी लावायचे. पडद्यामागं बसून पितळेवर कानस मारायची. सूर चढला असला की जिभेच्या मुळाशी घासायचं, उतरला असला की टोकाशी, आणि केसभर जास्त झालं की सगळं वाया. गिऱ्हाईक बाहेर बसून म्हणायचं की परसूअण्णा, तुमच्या हातात देव आहे. मी आत बसून ऐकायचे. एकतीस वर्षं. मला वाजवताही येत होतं. वाजव असं कुणी म्हणालं नाही, मीही विचारलं नाही.

मग ही आली. तिला मांडवातली बोलावणी येऊ लागली. तिच्या पेटीचे सूर मीच लावून द्यायचे. ते घेऊन ती चारचौघांत बसायची आणि लोक तिला वाहवा द्यायचे. मला हेवा वाटला. दुसरा शब्द शोधत बसले नाही, हाच आहे.

त्या रामनवमीला तू नऊ महिन्यांची होतीस. सकाळी सुप्रीता न्हायला गेली तेव्हा मी तिची पेटी उघडली. दोन स्क्रू असतात. काळी चारचा सूर काढला आणि कनवटीला लावला. तोच का, तर सगुणाबाई काळी चारमध्ये गातात हे मला ठाऊक होतं. साच नाही म्हटल्यावर गाणं उभं राहणार नाही. निघायच्या आधी ती पेटी वाजवून बघेल, पट्टी मुकी आहे म्हणेल आणि एक दिवस घरी बसेल, एवढाच माझा विचार. तिनं वाजवून बघितली नाही. मी लावून दिलेली पेटी तपासायची तिला सवय नव्हती. तुला माझ्या मांडीवर ठेवलं आणि गेली.

तुझ्या बापाला, रणजीतला, मी मस्कतला कळवलं की पोर तापानं फणफणलेली असताना ही मांडवात जाऊन बसली. तुला ताप नव्हता.

परत आली तेव्हा मी ओट्याशी उभी होते. तिला कळलं होतं. सूर आपोआप स्क्रू सोडवून जात नाही. मला वाटलं आता विचारेल. विचारलं असतं तर मी तिथल्या तिथं काढून दिला असता. तिनं पदर खोचला आणि कणीक मळायला घेतली. पेटीला खोळ घातली ती पुन्हा काढली नाही. पुढच्या वर्षीच्या श्रावणात काविळीनं गेली.

मधलं सव्वा वर्ष राहिलं, ते सांगते. तुला झोपवताना ती गुणगुणायची. शब्द नसायचे, नुसते सूर. आणि सा आला की थांबायची. तेवढी जागा रिकामी सोडायची आणि पुढं जायची. मला टोचायला करायची की तिची तिलाही खबर नव्हती, मी सांगू शकत नाही. पण मी सूर लावणारी बाई. ती गाळलेली जागा मला भिंतीपलीकडून कळायची, लाटणं हातात थांबायचं. पुढं तुझे आजोबा गेले, दुकान गेलं, कान गेले. ती जागा नाही गेली. दुसरं काही ऐकू येत नाही म्हटल्यावर आता ती दिवसभर येते. भांडी घासताना येते, महानंदा बोलता बोलता थांबली की येते. भुतांवर माझा विश्वास नाही, अजूनही नाही. पण तुझं पहिलं बोलणं महानंदानं सांगितलं, की काळी चार न दाबता बोलते, तेव्हा मी हातातली वाटी खाली ठेवली. कारण त्या पट्टीखाली तोच सूर आहे.

तुझी पेटी पुरी करताना मी तो घातला. डब्यात दुसरे होते. पॅरिसहून आलेला जुना चांगला सूर, फुकट कशाला घालवायचा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं असं की तुझ्या हातून तो वाजला म्हणजे संपलं, असं मला वाटलं होतं. संपलं नाही.

तिनं सगुणाबाईंना जे सांगितलं ते मी तुझ्या पत्रात तीनदा वाचलं. तिनं मला ओळखलं होतं हे ठाऊक होतं. बाहेर माझी लाज राखली होती हे आज कळलं. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आता कामाचं. विठोजीबरोबर काडेपेटीत दुसरा सूर पाठवला आहे, मी लावलेला आहे, चांगला आहे. त्या कारागिराकडे जाऊ नको, तू स्वतः कर. दोन स्क्रू सोडव, जुना काढ, हा बसव. दहा मिनिटांचं काम. पेटी गप्प होईल, बुवा तुला वर्षभर नेतील. माझ्यावरच्या रागापायी रविवार घालवू नको. राग सोमवारी धर, तो काही नासत नाही.

रत्नाबाई


होसकोटे
शनिवार, अष्टमी

चि. अक्षरा हिला आशीर्वाद.

काल विठोजी रिकाम्या हातानं आला, आजही. तुला बघितलं का विचारलं तर म्हणाला, काडेपेटी घेतली आणि काही न बोलता वर गेली. डोळे कसे होते विचारलं तर म्हणाला, सिग्नल सुटला होता, बघितले नाहीत. याला मी नऊ महिने पोटात वागवला.

सूर बसवलास का तेवढं लिही. बाकी नको लिहू. स्क्रू पितळी आहेत, सुराबरोबर तिच्या पेटीतलेच लावलेत, एकाची खाच झिजलेली असेल, जोर लावू नको. त्या दिवशी घाईत माझाच हात सटकला होता.

रत्नाबाई


कोरमंगला
६ एप्रिल, रविवार

रत्नाबाईंना अक्षराचा नमस्कार.

तुमचा सूर काडेपेटीत परत पाठवते आहे. बसवला नाही.

काल सकाळी मी पेटी उघडली होती. दोन्ही स्क्रू बघितले, एकाची खाच खरंच झिजलेली आहे. पेचकस लावला. अर्धा फेरा फिरवला सुद्धा. आणि मग मला दिसलं की मी काय करते आहे. रामनवमीच्या मैफलीसाठी, त्याच दोन स्क्रूंवर, तोच सूर. फरक एवढाच की या वेळी तुम्ही मला तो काढायला सांगितलात. मी अर्धा फेरा उलटा फिरवला आणि पेटी बंद केली. तो सूर दुसऱ्यांदा काढणारी मी नाही.

त्रिविक्रमबुवांना कळवलं की पेटीत दोष आहे, मी येत नाही. दुसरी पेटी घेऊन या असा त्यांचा निरोप आला. तेही मला जमलं असतं. पण ती खोलीत एकटी ठेवून दुसरी पेटी घेऊन जायचं माझ्यानं झालं नाही. अपूर्व म्हणाला की तुला वेड लागलंय. बुवांकडून संध्याकाळपर्यंत एवढंच आलं की दुसरं नाव ठरलं आहे, पुन्हा तसदी देणार नाही. म्हणजे धारवाड, पुणे संपलं. सोमवारपासून आठ घरी सारेगम.

आज सकाळी सगुणाबाईंच्या साथीला गेले. छोटं देऊळ, चाळीस माणसं, निम्मी आज्या. बारा वाजता पाळणा हलला. मी वाजवत होते आणि वाट बघत होते. प्रत्येक वेळी त्या थांबल्या की मी भाता धरून ठेवला, श्वाससुद्धा घेतला नाही. आठवडाभर ती मला नको होती. आज पहिल्यांदा हवी होती. सगुणाबाईंनी एक जागा मुद्दाम लांबवली असं मला वाटलं, त्याही कान देत होत्या. तंबोरा तेवढा वाजत राहिला.

ती बोलली नाही. एकदाही नाही. शेवटी मीच बोट ठेवलं आणि दाबली.

आई हसली होती असं सगुणाबाई सांगतात. मला हसता येत नाही. मला तिचा आवाज आठवत नाही, गुणगुणणं आठवत नाही, ती रिकामी जागासुद्धा तुमच्याकडेच आहे. होसकोट्याला कधी येईन ते सांगता येत नाही.

अक्षरा


होसकोटे
सोमवार, दशमी

चि. अक्षरा हिला आशीर्वाद.

काडेपेटी मिळाली. मायना बदललास तो वाचला. अहो-जाहोही वाचलं. तेही बरोबर आहे, परक्या बाईला तसंच लिहितात.

बुवांची मैफल घालवलीस तो मूर्खपणा केलास, हे मी लिहिणारच. एका पितळेच्या तुकड्यासाठी वर्षाचं काम सोडलंस. तुझ्या आईनं नसतं सोडलं. तिनं सूर नसताना गाणं तडीस नेलं, तू सूर असताना गाणं सोडलंस. पण तिला तो निर्णय कुणी करू दिला नव्हता, तू तुझा केलास. त्यापुढं मला बोलायला जागा नाही.

तू लिहिलंस की आठवणी सगळ्या माझ्याकडे राहिल्या. खरं आहे. एक सूर काढला तेवढं पुरलं नव्हतं म्हणून बाकीचंही मी दाबून ठेवलं. तेव्हा लिहून घे. ती दाराच्या डाव्या हाताला पाटावर बसून तुला पायांवर घ्यायची. गुणगुणायला मंद्रात सुरुवात करायची आणि सावकाश वर यायची. नि पर्यंत आली की तू डोळे उघडायचीस, कारण तुला कळायचं की आता ती थांबणार. ती थांबली की तू हसायचीस. तुला तो खेळ वाटायचा. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, कारण त्या खेळात मी कुठं बसले होते ते सांगावं लागलं असतं.

काल ती पट्टी बोलली नाही म्हणतेस. मी काल बारा वाजता इथं पाळण्याला सुंठवडा ठेवून बसले होते. माझ्याकडे मात्र ती जागा तशीच आली, नेहमीसारखी. तुझ्याकडून ती गेली असेल तर बरं झालं. माझ्याकडची माझीच आहे, ती कुठं पाठवायची नाही.

क्षमा वगैरे मागत नाही. ज्या बाईची मागायची ती कणीक मळून, जेवण वाढून, न विचारता निघून गेली. सव्वा वर्ष मी रोज वाट बघितली की आज विचारेल, आज ताट आपटेल. तिनं आपटलं नाही. एवढ्या वर्षांत मला जे काही होतंय ते त्या न आपटलेल्या ताटाचं आहे. तू तिची मुलगी आहेस, गप्प बसणं तुझ्यातही आहे हे शुक्रवार-शनिवारी बघितलं. ते करू नको. आजी म्हणून येऊ नको वाटलं तर नको येऊ, भांडायला ये. विठोजीची गाडी सकाळी निघते, पुढची सीट रिकामी असते. घरात शिरल्या शिरल्या सुरू कर, महानंदा असली तरी चालेल, शेजारच्यांना ऐकू गेलं तरी चालेल. काय काय म्हणायचं ते सगळं म्हण, तिच्या वाटचंही म्हण. मी उत्तर देणार नाही.

फक्त आधी जेव. उपाशी पोटी भांडण पुरं होत नाही.

रत्नाबाई